प्लगइन सारखं क्रॅश होतंय? ‘रिमूव्ह’ दाबण्याआधी थांबा

अप्पा बळवंत चौकापासून दोन मिनिटांवर एक डीटीपी सेंटर आहे. लग्नपत्रिका, प्रबंध, सोसायट्यांच्या नोटिसा, असं सगळं काम तिथे चालतं. तिथल्या ताईंचा एका सोमवारी फोन आला. “दादा, ते मराठीचं परत उडालं. सकाळपासून चौथ्यांदा. मी काढून परत टाकलंसुद्धा, तरी तेच.”

ब्राउझरमध्ये मराठी टाइप करायला त्या एक एक्स्टेन्शन वापरतात. “काढून परत टाकलं” हे ऐकल्यावर माझ्या पोटात गोळाच आला. त्या एक्स्टेन्शनमध्ये त्यांनी तीन वर्षं जमवलेली शब्दांची यादी होती. आडनावं, गावांची नावं, मंगल कार्यालयांचे पत्ते, ‘चि. सौ. कां.’सारखी दर पत्रिकेत लागणारी अक्षरं, सगळं दोन-तीन कळांवर यायचं. एक्स्टेन्शन काढलं की त्याने त्या कॉम्प्युटरवर साठवलेलं सगळं त्याच्याबरोबर पुसलं जातं. यादी गेली होती आणि क्रॅश होणं मात्र तसंच चालू होतं.

म्हणून हा लेख. त्या दिवशी आम्ही जे केलं ते ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहितो आहे. या दुरुस्तीत उपायांइतकाच त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे.

तुमचं प्लगइन नक्की कुठल्या जातीचं?

बोलताना आपण सगळ्यालाच प्लगइन म्हणतो, पण हे दोन वेगळे प्रकार आहेत. जुनं प्लगइन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेला पूर्ण प्रोग्राम. १९९५ च्या सुमारास नेटस्केपबरोबर ही पद्धत आली. फ्लॅश, जावा ॲप्लेट, सिल्व्हरलाइट ही तिची माहितीतली नावं. क्रोमने २०१५ मध्ये ही पद्धत बंद केली. फायरफॉक्सने २०१७ मध्ये फ्लॅश सोडून बाकीच्यांना रजा दिली. फ्लॅशचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद केलं.

तुमची अडचण या जुन्या प्रकारातली असेल, म्हणजे एखादं जुनं पोर्टल अजून जावा ॲप्लेट मागत असेल, तर आजच्या क्रोममध्ये कितीही खटपट केली तरी ते चालणार नाही. वेळ घालवू नका. इंटरनेट एक्सप्लोररवरच चालणारं पोर्टल असेल तर एजमधला ‘आयई मोड’ वापरून बघा. तो निदान २०२९ पर्यंत चालू ठेवू, असं मायक्रोसॉफ्टने सांगितलेलं आहे. कुठल्यातरी अनोळखी साइटवरून ‘फ्लॅश प्लेअर’ उतरवून घेणं हा मात्र व्हायरसला स्वतःहून घरात बोलावण्याचा प्रकार आहे.

आज ज्याला आपण प्लगइन म्हणतो ते बहुतेक वेळा एक्स्टेन्शन असतं, म्हणजे ब्राउझरच्या आतच चालणारी छोटी जोड. फायरफॉक्सच्या भाषेत ॲड-ऑन. पुढचं सगळं त्याबद्दल.

आधी आतला ऐवज बाहेर काढा

एक्स्टेन्शन बंद करणं आणि काढून टाकणं यात फरक आहे. क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातले तीन ठिपके, मग एक्स्टेन्शन्स, मग मॅनेज एक्स्टेन्शन्स. इथे प्रत्येकाच्या चौकटीत एक छोटं बटण सरकतं. ते बंद केलं तर डेटा जागेवर राहतो. ‘रिमूव्ह’ दाबलं तर जातो.

त्यामुळे पहिलं काम हे की एक्स्टेन्शन दहा मिनिटं जरी तग धरत असेल तर त्या दहा मिनिटांत त्याच्या सेटिंग्जमध्ये जा, ‘एक्स्पोर्ट’ किंवा ‘बॅकअप’ शोधा आणि फाइल डेस्कटॉपवर काढून घ्या. एक्स्पोर्ट नसेल तर यादी स्क्रीनवर उघडून कॉपी करा. तेही जमत नसेल तर मोबाइलने फोटो काढा. तीन वर्षांच्या कष्टापेक्षा वीस फोटो परवडले.

दोन प्रकारच्या एक्स्टेन्शन्समध्ये विशेष जपा. एक, पासवर्ड सांभाळणारी. त्यांचा मास्टर पासवर्ड आणि रिकव्हरी कोड कागदावर आहे का ते आधी पाहा. दुसरी, लॉगिनसाठी सहा आकडी कोड देणारी. यांचा बॅकअप न घेता ती काढली तर तुमच्याच खात्यांची दारं तुम्हाला बंद होतात.

ब्राउझर पूर्ण बंद करता येत असेल तर प्रोफाइलच्या, म्हणजे तुमची सेटिंग्ज आणि एक्स्टेन्शन्सचा डेटा जिथे राहतो त्या, अख्ख्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. ॲड्रेस पट्टीत इंग्रजीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘व्हर्जन’ असं टाइप केलं की एक पान उघडतं. त्यात ‘प्रोफाइल पाथ’ या ओळीत फोल्डरचा पत्ता असतो.

कोण पडतंय ते बघा

“क्रॅश झालं” या एका वाक्यात चार वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

खाली कोपऱ्यात फुगा येऊन अमुक एक्स्टेन्शन क्रॅश झालं असं म्हणतो आणि बाकी ब्राउझर मजेत चालू असतो, तेव्हा फक्त एक्स्टेन्शन पडलेलं असतं. क्रोम त्याला स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालवतो, त्यामुळे ते पडलं तरी टॅब वाचतात. फुग्यावर क्लिक केलं की ते पुन्हा सुरू होतं.

एकच टॅब पडून त्यात दुःखी चेहऱ्याची फाइल दिसते, तेव्हा प्रश्न त्या पानाच्या प्रोसेसमध्ये आहे. इथेही एक्स्टेन्शनचा हात असू शकतो, कारण त्याचा काही कोड पानाच्या आत जाऊन चालतो. सगळा ब्राउझरच एकदम नाहीसा झाला तर संशय ग्राफिक्स, अँटिव्हायरस किंवा प्रोफाइलवर जातो. आणि ब्राउझरबरोबर वर्ड, फोटोशॉपही अधूनमधून पडत असतील तर एक्स्टेन्शनला दोष देणं सोडा आणि रॅम तपासा. विंडोजमध्ये ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ त्यासाठीच आहे.

पाचवा प्रकार क्रॅश नसतोच. मॅनेज एक्स्टेन्शन्सच्या पानावर डेव्हलपर मोड चालू केला की काहींच्या खाली ‘सर्व्हिस वर्कर’ आणि पुढे ‘इनॲक्टिव्ह’ असं दिसतं. ते पाहून लोक घाबरतात. नवीन रचनेत एक्स्टेन्शनचा मागचा भाग ३० सेकंद काही काम नसेल तर झोपवला जातो आणि काम आलं की उठतो. तो मेलेला नाही, झोपला आहे. मात्र काही एक्स्टेन्शन्स झोपेतून उठल्यावर आधी काय चाललं होतं ते विसरतात. ती चूक ते बनवणाऱ्याची. तुमच्या कॉम्प्युटरची नाही.

वेळ लिहा, कागदावर

माझा सगळ्यात जास्त विश्वास या पायरीवर आहे आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच. ताईंना म्हटलं, आजचा दिवस दुरुस्ती करायची नाही. उडालं की वेळ लिहायची, कुठलं पान उघडं होतं ते लिहायचं आणि शेवटची कळ कुठली दाबली ते लिहायचं.

त्यांनी एका पत्रिकेच्या प्रूफच्या पाठीमागे पेन्सिलीने लिहिलं. ११:१०, ई-मेल, लांब मजकूर पेस्ट केला. ११:५५, ई-मेल, उत्तर लिहीत होते. १:२०, सोसायटीची नोटीस, ऑनलाइन डॉक्युमेंट. मग दुपारभर काही नाही. त्या वेळात त्या काय करत होत्या? सर्चच्या चौकटीत छोटे छोटे शब्द आणि फॉर्ममधली नावं. ४:४०, पुन्हा ई-मेल.

कागद बघितल्यावर अर्धं उत्तर समोर आलं. नुसत्या टाइपिंगने ते पडत नव्हतं, लांब मजकुराच्या चौकटीतच पडत होतं. म्हणजे विंडोज नाही, रॅम नाही. त्या चौकटीत कोणीतरी दुसरं होतं.

तुमच्या कागदाला जोड म्हणून मशीनची वहीही बघा. विंडोजच्या सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी हिस्टरी’ टाइप करा. तारखेनुसार लाल फुल्या दिसतात, त्यावर क्लिक केलं की कुठला प्रोग्राम पडला ते कळतं. क्रोममध्ये मघासारखंच टाइप करून शेवटी ‘व्हर्जन’ऐवजी ‘क्रॅशेस’ लिहा. क्रॅशचे अहवाल पाठवण्याची परवानगी चालू असेल तर यादी येते. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट’, कोलन, ‘क्रॅशेस’. क्रोममध्ये एक्स्टेन्शनच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘कलेक्ट एरर्स’ हेही चालू करून ठेवा. डेव्हलपर मोड चालू असला की ते दिसतं.

अर्ध्या-अर्ध्याने शोधा

ताईंच्या ब्राउझरमध्ये सोळा एक्स्टेन्शन्स निघाली. निम्मी त्यांना आठवतही नव्हती. एकेक बंद करून बघायचं तर सोळा फेऱ्या. त्याऐवजी अर्धी बंद करा. क्रॅश थांबलं तर दोषी बंद केलेल्या आठात आहे, चालूच राहिलं तर उरलेल्यात. त्या आठांचे पुन्हा दोन भाग. सोळातून एक शोधायला चारच फेऱ्या लागतात.

इथे एक अडचण असते. पडणारं एक्स्टेन्शन आणि पाडणारं एक्स्टेन्शन वेगवेगळं असू शकतं. म्हणून मराठी टाइपिंगचं कायम चालू ठेवून उरलेल्या पंधरांवर हा प्रयोग केला. तिसऱ्या फेरीत दोन उरली, चौथीत नाव हातात आलं. इंग्रजी स्पेलिंग आणि व्याकरण तपासणारं एक एक्स्टेन्शन. ताईंच्या मुलीने कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ते टाकलं होतं.

प्रत्येक फेरीनंतर ब्राउझर पूर्ण बंद करून उघडा. आणि एका वेळी एकच बदल. घाईत दोन गोष्टी बदलल्या तर बरं कशाने झालं ते कधीच कळत नाही, आणि मग पंधरा दिवसांनी तोच प्रश्न परत आला की पुन्हा पहिल्यापासून.

फायरफॉक्स वापरत असाल तर काम आणखी सोपं आहे. हेल्प मेनूमध्ये ‘ट्रबलशूट मोड’ आहे. त्यात सगळी ॲड-ऑन्स, ग्राफिक्सची मदत आणि थीम तात्पुरती बाजूला ठेवली जाते. तिथेही क्रॅश होत असेल तर ॲड-ऑन निर्दोष आहे असं समजून पुढे जा. क्रोममध्ये असाच झटपट अंदाज गेस्ट विंडोवरून येतो, कारण तिथे एक्स्टेन्शन्स चालत नाहीत.

डोळ्यांनी बघा

नाव कळलं तरी कारण कळलेलं नव्हतं. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. विंडोजचा नाही, हा वेगळा. यात प्रत्येक टॅब आणि प्रत्येक एक्स्टेन्शन आपापल्या नावाने ओळीत दिसतं, शेजारी किती मेमरी खातंय ते. मेमरीच्या शीर्षकावर क्लिक केलं की सगळ्यात खादाड वर येतो.

तो उघडा ठेवून ताईंना एक लांब ई-मेल पेस्ट करायला सांगितला. मराठीच्या एक्स्टेन्शनचा आकडा दीडशे एमबीच्या आसपास होता. पेस्ट केल्याबरोबर तो चढायला लागला. ताईंनी हात कीबोर्डवरून उचलले होते, तरी आकडा थांबेना. दोनशे, साडेतीनशे, सहाशे. शेजारी व्याकरणाच्या एक्स्टेन्शनचा सीपीयूही तितक्याच जोरात पळत होता. मग एकाएकी मराठीची ओळच यादीतून गेली आणि कोपऱ्यात फुगा आला.

काय होत होतं ते त्या आकड्यांतूनच दिसलं. एक एक्स्टेन्शन चौकटीतला मजकूर बदलायचं, दुसरं “मजकूर बदलला” म्हणून त्याखाली आपली रेघ काढायचं, ती रेघ पाहून पहिलं पुन्हा जागं व्हायचं. दोघांचं हे न संपणारं देणं-घेणं चालायचं आणि प्रत्येक फेरीची नोंद मराठीवालं मेमरीत ठेवत जायचं. छोट्या चौकटीत फेऱ्या लवकर संपत, लांब मजकुरात संपतच नसत.

उपाय एका मिनिटाचा निघाला. व्याकरणवाल्याच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘साइट ॲक्सेस’ आहे. तिथे ‘ऑल साइट्स’ऐवजी ‘ऑन क्लिक’ केलं. आता मुलीला हवं असेल तेव्हा ती त्याच्या खुणेवर क्लिक करते, एरवी ते पानात शिरत नाही. काढायची गरजच पडली नाही.

रोग दुसरीकडेच असेल तर

सगळ्यांचा प्रश्न इतका सरळ सुटत नाही. सदाशिव पेठेतल्या एका करसल्लागारांच्या ऑफिसात डिजिटल सहीचं एक्स्टेन्शन ऐन विवरणपत्रांच्या दिवसांत रोज पडायचं. सहीचं एक्स्टेन्शन एकटं काम करत नाही. सही ज्यात साठवलेली असते त्या यूएसबी टोकनशी बोलायला ते कॉम्प्युटरवर बसवलेल्या एका छोट्या प्रोग्रामची मदत घेतं. या पद्धतीला नेटिव्ह मेसेजिंग म्हणतात. असं एक्स्टेन्शन पडलं की त्याच्या एररची ओळ नीट वाचा, तिथेच निदान असतं. ‘होस्ट नॉट फाउंड’ म्हणजे मदतनीस प्रोग्रामची नोंदच ब्राउझरला सापडत नाही. तो बसवलेला नाही किंवा दुसऱ्या ब्राउझरसाठी बसवलेला आहे, कारण क्रोम आणि फायरफॉक्सच्या नोंदी वेगळ्या असतात. ‘होस्ट हॅज एक्झिटेड’ म्हणजे प्रोग्राम सुरू झाला आणि मध्येच मेला. ‘फॉरबिडन’ म्हणजे प्रोग्राम आहे, पण या एक्स्टेन्शनला तो ओळखत नाही. एक्स्टेन्शन मूळ जागेऐवजी भलतीकडून घेतलं की हे होतं.

त्या ऑफिसात यातला दुसरा, ‘होस्ट हॅज एक्झिटेड’चा प्रकार होता. अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनच्या, म्हणजे संशयावरून अडकवून ठेवलेल्या फाइलींच्या, यादीत त्या प्रोग्रामची एक फाइल पडलेली मिळाली. अशा वेळी फाइल लगेच सोडवू नका. टोकन देणाऱ्यांच्या अधिकृत साइटवरून प्रोग्राम नव्याने घ्या, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर बघा आणि मग तेवढ्या एका फाइलला सूट द्या. अख्ख्या ड्राइव्हला सूट देणं धोक्याचं आहे.

आता पुण्याची खास गोष्ट. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते हे आपल्या अंगवळणी पडलं आहे. पण ब्राउझर चालू असताना डेस्कटॉपची लाइट गेली की प्रोफाइलमध्ये चाललेलं लिखाण अर्धवट तुटतं आणि शुक्रवारी सकाळी एखादं एक्स्टेन्शन उघडल्या उघडल्या पडतं. तुमच्या कागदावर शुक्रवारची गर्दी दिसली तर हे कारण डोक्यात ठेवा. नवीन क्रोम प्रोफाइल बनवून त्यात फक्त तेच एक्स्टेन्शन टाका. तिथे ते व्यवस्थित चाललं तर जुनं प्रोफाइल बिघडलेलं आहे. मॅनेज एक्स्टेन्शन्समध्ये त्याच्या नावाखाली ‘करप्टेड’ लिहिलेलं असेल तर शेजारी ‘रिपेअर’ही दिसेल, ते आधी दाबा. आणि यूपीएसची बॅटरी बदलायची राहिली असेल तर ती बदला.

लाइट आल्यावर तारीखच मागे गेलेली दिसली, तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपला आहे. सीआर २०३२ नावाचा तीन व्होल्टचा सेल, तपकीर गल्लीत कुठेही मिळेल. तारीख चुकली की साइट्सची प्रमाणपत्रं खोटी वाटायला लागतात आणि एक्स्टेन्शन सर्व्हरशी बोलू शकत नाही.

सगळा ब्राउझर जात असेल तर सेटिंग्ज, सिस्टिम, तिथे ग्राफिक्स ॲक्सेलरेशन बंद करून दोन दिवस बघा. थांबलं तर ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर नवा करा आणि ते परत चालू करा. हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप असेल आणि मेनूत ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ दिसत असेल, तर एक्स्टेन्शन्स कंपनीच्या धोरणावर चालतात. तिथे स्वतः खटपट न करता आयटीवाल्यांना सांगा.

जुनं विंडोज, जुनं एक्स्टेन्शन

पेठांमधल्या छोट्या दुकानांत विंडोज ७ अजून भेटतं. त्यावर चालणारं शेवटचं क्रोम म्हणजे १०९ वं. एक्स्टेन्शन्स मात्र नव्या क्रोमला धरून बदलत राहतात, त्यामुळे आज ना उद्या त्यांचं जमेनासं होतं. अशा मशीनवर दुरुस्तीची आशा धरू नका, विंडोजचं बघा.

उलटंही होतं, ब्राउझर नवा आणि एक्स्टेन्शन जुनं. क्रोमने मॅनिफेस्ट व्ही-टू नावाची जुनी रचना २०२५ मध्ये पूर्ण बंद केली. तुमचं एक्स्टेन्शन राखाडी होऊन ‘आता सपोर्ट नाही’ असं सांगत असेल तर ते क्रॅश नाही. त्याचं नवं रूप किंवा पर्याय शोधा.

फायरफॉक्सवाल्यांनी ४ मे २०१९ आठवावा. मोझिलाच्या एका प्रमाणपत्राची मुदत संपली आणि जगभरातली ॲड-ऑन्स एकदम बंद पडली. तेव्हा घाईघाईने ॲड-ऑन काढून टाकणाऱ्यांचा डेटा गेला, थांबलेल्यांचा वाचला. मार्च २०२५ मध्येही एका मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, म्हणून १२८ च्या आधीचं फायरफॉक्स अजून चालवत असाल तर आधी अपडेट करा.

काढायचंच असेल तर

बॅकअप हातात आहे ना, ते फाइल उघडून बघा. नुसती फाइल असणं पुरेसं नाही, ती उघडायला हवी. मग रिमूव्ह, ब्राउझर बंद, मशीन रीस्टार्ट, आणि अधिकृत स्टोअरवरूनच पुन्हा घ्या. टाकल्यावर यादी लगेच आयात करू नका. अर्धा तास रिकामं वापरा. रिकामं नीट चाललं आणि यादी घेतल्यावर पडलं, तर बिघाड यादीतल्या एखाद्या नोंदीत आहे. यादीचे दोन तुकडे करून तीही अर्ध्या-अर्ध्याने तपासता येते.

बनवणाऱ्याला कळवा

स्टोअरवर एक तारा देऊन “बकवास, सारखं बंद पडतं” लिहिण्याने कोणाचंच भलं होत नाही. मराठीसाठी एक्स्टेन्शन बनवणारे बऱ्याचदा एकटे किंवा दोघंतिघं असतात. त्यांना नेमकी माहिती मिळाली तर ते दुरुस्त करू शकतात. ताईंनी पाठवलेला मजकूर असा होता:

“क्रोम आणि विंडोजचं व्हर्जन सोबत दिलं आहे. ई-मेलच्या चौकटीत साधारण दोन पानांचा मराठी मजकूर पेस्ट केला की तुमच्या एक्स्टेन्शनची मेमरी वाढत जाते आणि मिनिटाभरात ते बंद पडतं. व्याकरण तपासणारं दुसरं एक्स्टेन्शन चालू असेल तरच होतं, बंद असेल तर होत नाही. पाच वेळा करून बघितलं, पाचही वेळा झालं. टास्क मॅनेजरचा फोटो जोडला आहे. आणि एक विनंती, शब्दांच्या यादीला एक्स्पोर्टचं बटण द्या. माझी तीन वर्षांची यादी गेली.”

पाठवून झाल्यावर ताईंनी ड्रॉवरमधून जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढला आणि पहिल्या पत्रिकेवरची आडनावं पुन्हा भरायला घेतली. या वेळी शेजारी एक वही उघडी होती.